शाकारणी: आपली वेबसाइट थोडी थोडी कशी सांभाळायची

माझ्या वेबसाइटवर मी गडकिल्ल्यांची टिपणं लिहिते. तिथल्या इर्शाळगडाच्या पानावर २०११ पासून एक ओळ होती: 'वाडीत पोहे आणि चहा मिळतो, आदल्या दिवशी सांगितलं तर जेवणाचीही सोय होते.' १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि गडाखालची इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून टीव्हीसमोरून हलले नाही. कितीतरी जणांशी फोनवर बोलले. पण ती ओळ पुढचे सात आठवडे माझ्या पानावर तशीच होती. सप्टेंबरात एका वाचकाचा ईमेल आला. त्यात एवढंच होतं: 'ताई, वाडीतल्या जेवणाची ती ओळ काढाल का?'

छापील पुस्तकात ती ओळ असती तर वाचणाऱ्याने पहिल्या पानावरचं साल पाहिलं असतं आणि समजून घेतलं असतं. वेबसाइटचं तसं नाही. ते पान कोणी आज उघडलं तर ते आजचंच बोलतं. बारा वर्षांपूर्वी लिहिलेलं 'मिळतो' हे क्रियापद वाचणाऱ्याच्या कानाला वर्तमानकाळातच ऐकू येतं. म्हणून 'वेबसाइट एकदा केली की झाली ना?' असं कोणी विचारलं की मी नाही म्हणते. का नाही, आणि मग काय करायचं, ते इथे सांगते. त्यासाठी संगणकाचं शिक्षण लागत नाही. माझंही झालेलं नाही.

## वेबसाइट म्हणजे नेमकं काय असतं

तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे नाव, म्हणजे ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता. त्याला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. दुसरी म्हणजे जागा: सतत चालू असलेल्या कुणाच्या तरी संगणकावर आपण भाड्याने घेतलेला कोपरा, म्हणजे होस्टिंग. तिसरी म्हणजे आपली पानं, म्हणजे मजकूर, फोटो, नकाशे.

पहिल्या दोन गोष्टींची देखभाल बहुतेकांना कळते, कारण तिथे पैसे भरायचे असतात. तरीही चूक होते. माझ्या ओळखीच्या एका गिर्यारोहकाचं नूतनीकरण आजारपणात राहून गेलं. ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं आणि त्याच्या लेण्यांच्या टिपणांच्या जागी जुगाराच्या जाहिराती आल्या. नूतनीकरणाची तारीख घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असली पाहिजे. हे आजच करा.

पण हा लेख खरा आहे तिसऱ्या गोष्टीबद्दल. पानांचं बिल येत नाही, त्यामुळे ती खराब होत चालली आहेत हे कोणी कळवत नाही.

## हात न लावता बिघडते कशी

बंद घरासारखी. कोकणातलं घर दोन पावसाळे बंद ठेवलं तर कुणी दगड मारला नाही तरी ते गळायला लागतं. वेबसाइटच्या भोवतीचं जग हलत असतं आणि ती आहे तिथेच उभी असते.

एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या निळ्या अक्षरांना दुवा म्हणतात. हे दुवे तुटतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये जी पानं इंटरनेटवर होती त्यांतली ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे तुम्ही तेव्हा दहा दुवे दिले असतील तर त्यातल्या तीन-चार दारांमागे आता घरच नाही.

सेवाही बंद होतात. फोटो ठेवायची पिकासा २०१६ मध्ये गुंडाळली गेली. फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारी चलच्चित्रं आणि खेळ ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्राउझरांनी दाखवणं थांबवलं. टाइपपॅड ही २००३ पासूनची लेखनसेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली, आणि लिहिणाऱ्यांना सामान हलवायला जेमतेम महिनाभर मिळाला. एचटीटीपीएस, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यामधलं बोलणं कुलूपबंद ठेवायची पद्धत, ज्या साइटवर नव्हती तिच्या नावापुढे क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून 'असुरक्षित' असं लिहू लागला. साइटवाल्याने काहीच केलं नव्हतं, तरी वाचक दारातून परत फिरायला लागले. (लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते कुलूप फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगमध्ये ते एका बटणावर चालू होतं. पाच मिनिटांचं काम आहे.)

आणि जग खरोखरच बदलतं. जिल्ह्यांची नावं बदलली. एसटीच्या वेळा बदलल्या. पायवाटेवर लोखंडी कठडे आले, कुठे कडा ढासळला. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. माझ्या राजगडाच्या आणि लोहगडाच्या पानांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

## कवडसा कुठून येतो ते बघा

आमच्याकडे मे महिन्यात घर शाकारायचे, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं नीट करायचे. आजोबा भर दुपारी आम्हा मुलांना माळ्यावर पाठवत आणि खालून ओरडून विचारत, 'उजेड कुठून येतोय?' अंधाऱ्या माळ्यावर जिथून कवडसा पडेल तिथलं कौल फुटलेलं किंवा सरकलेलं. आम्ही बोट दाखवायचं, वर बसलेला गडी तेवढं कौल काढून दुसरं बसवायचा. पूर्ण छप्पर उतरवलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

वेबसाइट सांभाळायची रीत माझ्या मते हीच आहे. आपण आपली साइट नेहमी बाहेरून बघतो, मालक म्हणून, मोठ्या पडद्यावर, घरच्या वायफायवर. माळ्यावर जाणं म्हणजे ती वाचकाच्या जागेवरून बघणं. वायफाय बंद करून साध्या फोनवर एक पान उघडा आणि मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल, जिथे थांबावं लागेल, जिथे 'हे अजून असं आहे का?' असा प्रश्न पडेल, तिथे कवडसा आहे. तो लगेच वहीत टिपा, कारण तेव्हाच्या तेव्हा सगळं दुरुस्त करायला बसलं की कंटाळा येतो आणि माणूस परत त्या वाटेला जात नाही.

## हरिश्चंद्रगडाचं पान

प्रत्यक्ष कसं होतं ते एका पानावर दाखवते. हरिश्चंद्रगडाचं पान मी २००९ मध्ये लिहिलं. गेल्या उन्हाळ्यात ते गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात बसूनच उघडून पाहिलं, कारण ते पान लोक तिथेच उघडतात. नेटवर्कची एक काडी होती. मजकूर आला. पहिला फोटो वरून खाली, पडदा सरकावा तसा, पट्टीपट्टीने उतरायला लागला. चहा संपला तरी कोकणकड्याचं फक्त आभाळच दिसत होतं.

कारण साधं होतं. कॅमेऱ्यातून आलेले फोटो मी जसेच्या तसे चढवले होते, एकेक सुमारे ४ एमबीचा, असे बारा. म्हणजे ४८ एमबी. फोनच्या पडद्याला एवढं लागतच नाही. वाटीभर भातासाठी अख्खं पोतं चुलीवर चढवल्यासारखं ते होतं. घरी येऊन प्रत्येक फोटोची रुंदी १६०० पिक्सेलवर आणली. एकेक फोटो अडीचशे केबीच्या आसपास आला, बारा मिळून ३ एमबी. डोळ्यांना फरक दिसत नाही. मूळ फोटो घरच्या डिस्कवर सुखरूप आहेत.

मग मजकूर. 'गड अहमदनगर जिल्ह्यात आहे' असं वाक्य होतं. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. नुसतं नाव बदललं असतं तर जुन्या नावाने शोधणारे आणि जुना नकाशा हातात असलेले लोक गोंधळले असते. म्हणून लिहिलं: 'गड अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. पाचनईची वाट याच बाजूने चढते, खिरेश्वरची वाट पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातून येते.' हे दुसरं वाक्य २००९ मध्येच असायला हवं होतं. एक कौल काढलं की शेजारचं सरकलेलं दिसतं.

शेवटी फोटोंमागची वर्णनं. दृष्टी नसलेले वाचक स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. फोटो आला की ते त्याच्यामागे लिहिलेलं वर्णन वाचतं. माझ्या फोटोंमागे कॅमेऱ्याने दिलेले आकडे होते. म्हणजे केदारेश्वराच्या गुहेपाशी आल्यावर त्या वाचकाला 'आयएमजी दोन तीन शून्य चार' ऐकू येत होतं. आता तिथे आहे: 'केदारेश्वराची गुहा. थंड पाण्यात मोठं शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड उरलेला.' हे लिहिताना मला स्वतःलाही तो फोटो पुन्हा नीट पाहावा लागला.

एवढ्याला दोन संध्याकाळी लागल्या.

## दर्या आणि दऱ्या

मराठी साइटला काही दुखणी खास आपली असतात, आणि ती इंग्रजीतल्या मदतपानांवर सापडत नाहीत, म्हणून इथे जरा थांबते.

युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक कायमचा क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्याआधी आपण मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या फॉन्टमध्ये टाइप करायचो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसता कचरा दिसायचा. माझी २००३ ची टिपणं तशी होती. ती पुढे युनिकोडमध्ये बदलून घेतली, पण बदलताना 'ऱ्य' हरवला. 'वाऱ्याने' चं 'वार्याने' झालं आणि 'दऱ्या' च्या झाल्या 'दर्या'. दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या, दर्या म्हणजे समुद्र. सांधण दरीच्या पानावर वाचकाला मी समुद्राकाठी नेऊन उभं केलं होतं.

मला वाटलं, सगळीकडचा 'र्य' काढून 'ऱ्य' घालावा, एका क्लिकचं काम. केलं असतं तर 'सूर्यास्त' चा 'सूऱ्यास्त' झाला असता आणि 'कार्यक्रम' ही बिघडला असता. संगणकाला दिसतं अक्षर, शब्द आपल्यालाच दिसतो. म्हणून ही दुरुस्ती एकेक शब्द वाचतच करावी लागते. ऱ्य लिहिताना साध्या र ऐवजी नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य.

दुसरं दुखणं भाषेच्या खुणेचं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, वाचकाला न दिसणाऱ्या ओळीत, पान कोणत्या भाषेतलं आहे हे लिहायचं असतं. मराठीची खूण आहे 'एमआर'. तयार टेम्प्लेट, म्हणजे पानाचा आयता साचा, घेतलं की तिथे बहुतेकदा इंग्रजीची खूण असते आणि ती तशीच राहते. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायचा प्रयत्न करतो. ही खूण बरोबर असली तर काही फॉन्ट 'ल' आणि 'श' ही दोन अक्षरं हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाची दाखवतात. वाचकाला कारण कळणार नाही, पण पान आपलं वाटेल.

आणखी एक: इंग्रजी शीर्षकं देखणी दिसावीत म्हणून टेम्प्लेटमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दोरी तुटलेल्या माळेसारखा विखुरतो. ते अंतर शून्य करा. त्याऐवजी ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा असतात आणि खाली उकार.

## पत्ता मात्र हलवू नका

सुधारणांच्या उत्साहात एक मोठं नुकसान होतं. माणूस पानांची नावं नीटनेटकी करायला जातो आणि प्रत्येक पानाचा पत्ता बदलतो. ज्यांनी तुमच्या पानाचा दुवा कुठे दिला असेल, कुणाला पाठवला असेल, वहीत लिहून ठेवला असेल, त्या सगळ्यांना आता '४०४' हा आकडा दिसतो, म्हणजे 'इथे असं पान नाही'.

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९८ मध्येच याबद्दल एक टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं की पत्ते आपणहून बदलत नाहीत, त्यांना माणसं बदलतात. स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेतली त्याची जगातली पहिली वेबसाइट १९९१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती मधल्या काळात जागेवर नव्हती, तेव्हा सर्नने २०१३ मध्ये ती पुन्हा मूळच्याच पत्त्यावर आणून ठेवली. नवीन पत्ता देणं सोपं होतं, पण त्यांनी जुन्या पत्त्याचा मान ठेवला.

पत्ता बदलण्यावाचून गत्यंतर नसेल तर जुन्या दारावर चिठ्ठी लावायची सोय आहे. तिचा क्रमांक ३०१, अर्थ 'कायमचं स्थलांतर'. ब्राउझर ती वाचून वाचकाला आपोआप नव्या पानावर नेतो. तुमच्या होस्टिंगच्या मदतपानावर 'रीडायरेक्ट' या नावाखाली ही कृती सापडेल.

आणि तुम्ही दिलेला दुसऱ्यांचा दुवा तुटला असेल तर तो लगेच पुसू नका. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाकून पाहा. कितीतरी हरवलेली पानं तिथे जपलेली असतात, त्या प्रतीचा दुवा देता येतो. आपली स्वतःची पानंही तिथे जतन करून ठेवता येतात. ती मी दर दिवाळीला ठेवते.

## 'त्यापेक्षा एकदाच सगळी नवी करून घेऊ'

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्यामागचा हुरूप खरा असतो. पण माझ्या पाहण्यात असं होतं: जुनी साइट काढून 'लवकरच येत आहोत' ची पाटी लागते आणि ती पाटीच दोन वर्षं राहते. नवी साइट आलीच तर रंग नवे असतात, मजकूर तोच, इर्शाळवाडीची ओळही तीच. रंग बदलल्याने कौल बदलत नाही.

छोट्या दुरुस्तीचा दुसरा फायदा असा की चूक झाली तर कुठे झाली हे लगेच कळतं. काल एकच गोष्ट बदलली आणि आज पान वाकडं दिसतंय, तर कारण तीच. एका रात्रीत चाळीस गोष्टी बदलल्या तर शोधायचं कुठे? अर्थात हात लावण्याआधी पूर्ण साइटची एक प्रत घरच्या डिस्कवर हवीच.

वासेच किडले असतील तर मात्र छप्पर उतरवावंच लागतं. साइट फोनवर वाचताच येत नसेल, किंवा सेवाच बंद होत असेल, तर नवी बांधा. तेव्हाही पत्ते जुनेच ठेवा.

## 'जुनं लेखन बदलणं हा खोटेपणा नाही का?'

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. वाचक ज्याच्या भरवशावर पाऊल टाकेल ती माहिती, म्हणजे वाट, पाणी, बस, मुक्काम, ही कायम आजची असली पाहिजे. आणि जे त्या दिवशीचं माझं आहे, पाहिलेलं, वाटलेलं, तिथे भेटलेली माणसं, त्याला मी हात लावत नाही. शुद्धलेखन सुधारते, मत नाही. माहितीत बदल केला तर पानाच्या तळाशी तारीख घालून एक ओळ लिहिते: काय बदललं आणि का. ज्याने चूक कळवली त्याची हरकत नसेल तर त्याचे आभारही तिथेच मानते.

इर्शाळगडाच्या पानावरून जेवणाची ओळ मी काढली, पण २०११ च्या डिसेंबरातली सकाळ ठेवली: चुलीपाशी बसलेली आजी, कांदा चिरणारी तिची सून, आणि 'वर नेढ्यात वारा लई असतो, टोपी बांधा' हे तिचं सांगणं (नेढं म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक). त्यावर आता दरडीची तारीख आहे आणि वाडी इथे होती असं लिहिलं आहे. ती माणसं तिथे राहत होती, हे कुठेतरी लिहिलेलं राहायला हवं.

## 'इन्स्टाग्राम असताना एवढी मेहनत कशाला?'

तिथे लिहिलेलं दोन दिवसांत खाली जातं, आणि तीन वर्षांपूर्वी दिलेली चुकीची वाट दुरुस्त करायला कुणी तिथे परत जात नाही. ऑर्कुटवर आपल्या किती गप्पा होत्या! ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. समाजमाध्यमं माणसं जोडायला चांगलीच आहेत, मीही तिथे फोटो टाकते. पण जे दहा वर्षांनी कुणाच्या उपयोगी पडावं असं वाटतं ते मी स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर ठेवते.

## वेळ किती लागतो

रविवारी सकाळी अर्धा तास. त्यात एकच पान, एकच दुरुस्ती. कधी नुसता एक दुवा, कधी एका फोटोमागचं वर्णन. पावसाळ्याच्या आधी मात्र वाटा आणि पाणी यांची पानं सगळी एकदा वाचून काढते, कारण जूनमध्ये नवखी मुलं गडावर निघतात.

वहीत सध्या एकोणीस नोंदी आहेत. सर्वांत वर राजगड: 'पद्मावतीच्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे असं लिहिलंय. ते २०१२ चं. गेल्या महिन्यात गेलेल्या कुणाला तरी विचारणे. तोवर ओळ झाकून ठेवणे.'